स्कार्फसाठी सूत आणि रंग निवडताना



डहाणू-तलासरी भागातील आमच्या विणकाम वर्गात तयार झालेले स्कार्फ आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत. विक्रीच्या टेबलापाशी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "बाजारात याच मापाचा स्कार्फ स्वस्त मिळतो, मग हा महाग का?" आणि "यावर वारली चित्रे का नाहीत?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे सूत आणि रंग यांच्या निवडीत सापडतात. म्हणून या अंकात ती निवड कशी होते ते सविस्तर सांगत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. विणकाम ही वारली समाजाची पिढीजात कला नाही. या पाड्यांची ओळख आहे ती भिंतीवरील चित्रे, बांबूच्या टोपल्या आणि तारपा यांची. हातमाग येथे शिकवावा लागतो. "आदिवासींची प्राचीन विणकला" अशी चिठ्ठी लावली तर खप वाढेलही, पण ते खरे नाही, म्हणून आम्ही तसे लिहीत नाही. चित्रांचेही तसेच आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रकला जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ती कला चित्रकारांची आहे. तिचा छापा मारून कापड खपवण्यापेक्षा विणकामाने स्वतःच्या गुणावर उभे राहावे, असे आम्हाला वाटते.

सुताचा नंबर

सूत नंबरावर विकले जाते. ८४० यार्डांच्या किती लडी एका पौंडात बसतात, तो त्याचा नंबर. म्हणून नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. २० नंबरच्या एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, सुमारे १५,३६० मीटर सूत असते. "२/४०" असे लिहिले असेल तर ४० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले आहेत. त्याची जाडी २० नंबरच्या एकपदरी सुताइतकी, पण मजबुती आणि सारखेपणा अधिक. नवीन शिकणारीच्या हातात ताण्यासाठी आम्ही दुपदरीच सूत देतो.

आता हिशेब पाहा. स्कार्फ २२ इंच रुंद आणि इंचाला २८ धागे, तर ताण्यात ६१६ धागे लागतात. गोंडे आणि मागावर वाया जाणारा भाग धरून प्रत्येक धागा अडीच मीटर लांब, म्हणजे ताण्याला १,५४० मीटर. लांबी ७२ इंच धरली तर बाण्याचे २,०१६ फेरे होतात, त्यांना सुमारे १,२०० मीटर. एकूण पावणेतीन किलोमीटर सूत, आणि वजन फक्त ८० ग्रॅमच्या आसपास!

म्हणजे एका किलोत बारा स्कार्फ होतात. चांगल्या सुताला किलोमागे शंभर रुपये जास्त मोजले, तर एका स्कार्फमागे आठ-नऊ रुपयेच वाढतात. उलट कच्चे सूत घेतले तर ताणा वारंवार तुटतो, प्रत्येक धागा वहीतून आणि फणीतून पुन्हा ओवून गाठावा लागतो, आणि दिवसाचे काम अर्ध्यावर येते. मजुरी नगावर असल्याने ते नुकसान विणणाऱ्या बाईचे होते. स्वस्त सुताची खरी किंमत तीच भरते.

कोणते सूत कशासाठी

आपल्या दमट किनारी हवेत सुती धागाच सोयीचा. तो घाम शोषतो आणि साध्या साबणाने धुता येतो. शिवाय ओलाव्याने सुताची ताकद वाढते, म्हणून पावसाळ्यात धागा कमी तुटतो. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी जास्त. मात्र तांदळाच्या पेजेची खळ दिलेला ताणा पावसात बुरसतो, म्हणून त्या दिवसांत तयार ताणा जास्त काळ मागावर ठेवत नाही. व्हिस्कोजची चमक छान, पण ओले झाल्यावर ते दुबळे होते; ते बाण्याला चालते, ताण्याला नको. थंड प्रदेशातील मंडळींसाठी सुती ताण्यावर लोकरीचा बाणा घेता येतो. पण लोकर धुतल्यावर आटते, म्हणून आधी वीतभर नमुना विणून, धुऊन, मोजूनच माप ठरवावे.

पक्का रंग, कच्चा रंग

ही गोष्ट आम्ही ठेच लागून शिकलो. एकदा लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांचे डझनभर स्कार्फ गेले आणि पहिल्याच धुण्यात पांढरी पट्टी गुलाबी झाली. सगळे परत आले. विणणाऱ्या ताईंचा काहीच दोष नव्हता; त्यांची मजुरी दिली आणि तोटा वर्गाने सोसला. तपासणी न करता सूत आम्हीच घेतले होते.

तेव्हापासून प्रत्येक नव्या लडीची परीक्षा होते. रंगीत सुताचा झुपका पांढऱ्या सुती चिंधीवर टाके घालून शिवायचा, कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा, चोळायचा आणि चिंधीसकट सावलीत वाळवायचा. चिंधीवर डाग उतरला तर ती लडी परत. गडद लाल, काळा आणि निळा यांची परीक्षा दोनदा. एका मागणीचे सगळे सूत एकाच खेपेचे घ्यायचे, कारण त्याच नावाचा रंग पुढच्या खेपेत थोडा वेगळा निघतो.

नैसर्गिक रंगांची मागणीही येते. कातापासून तपकिरी रंग मिळतो. कात काढणारे म्हणूनच कातकरी हे नाव पडले. मंजिष्ठेपासून लाल, नीळेपासून निळा. पण सुती धाग्याला हे रंग सहज धरत नाहीत. आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून नंतर तुरटी द्यावी लागते, तेव्हा लाल आणि तपकिरी टिकतात. निळीची रीत निराळी: कुंडातून सूत हिरवट निघते आणि हवा लागताच निळे होते. पळसफुलांचा पिवळा दिसायला सुंदर, पण उन्हात विटतो. तो आम्ही विकत नाही.

रंगांची जोडी

विणलेल्या कापडात रंग शेजारी बसतात आणि दुरून एकमेकांत मिसळतात. लाल ताणा आणि हिरवा बाणा लडीत झकास दिसतील, पण विणल्यावर मातकट होतील. निळ्यावर जांभळा टाकला तर मात्र कापड हलताना छटा बदलते. म्हणून पुठ्ठ्याच्या पट्टीवर सूत हव्या त्या प्रमाणात गुंडाळून, दिवसाच्या उजेडात, दहा पावलांवरून पाहावे. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढला की आणखी एक गोष्ट कळते: दोन रंग त्यात सारखेच राखाडी दिसले तर विणलेली नक्षी उठणार नाही.

रंग सुचवायला वर्गातील ताई कचरत नाहीत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे पांढरे चित्र त्या लहानपणापासून पाहत आल्या आहेत. गेरूच्या ताण्यावर बारीक पांढरी रेघ ही जोडी त्यांनीच निवडली. चित्र न उचलताही त्यांच्या घराचा रंग कापडात आला.

आपण काय करू शकता

एका ताण्यावर दहा-बारा स्कार्फ निघतात. ताण्याचा रंग एकदा चढला की बदलत नाही; बाणा मात्र प्रत्येक स्कार्फला वेगळा घेता येतो. म्हणून मागणी देताना ताणा आमच्या चार रंगांतून निवडावा आणि बाण्याचा रंग आपल्या आवडीचा सांगावा. एकाच स्कार्फसाठी नवा ताणा मागू नये.

दुसरी विनंती वेळेची. जुलैत लावणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भातकापणी असते. त्या दिवसांत माग थांबतो. नाताळासाठी स्कार्फ हवे असतील तर ऑगस्ट अखेरपर्यंत कळवावे. आणि शक्य असेल तर जानेवारी ते मे या महिन्यांसाठीही मागणी द्यावी. शेतीचे काम संपते तेव्हाच अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांकडे आणि दूरच्या कामांवर निघतात, आणि मुलांची शाळा सुटते. त्या महिन्यांत माग चालू राहिला तर एखाद्या घराला थांबण्याचे कारण मिळते. नाताळाची भेट आपण उन्हाळ्यातच मागवून ठेवली, तरी तिचा रंग उतरणार नाही. ती परीक्षा आम्ही आधीच घेतलेली असेल.