वाऱ्याला लगाम

अग्नि चेतविणाराहि वारा आणि अंग निवविणाराहि वारा. एकाच वस्तूनें दोन उलट कामें करावीं याचें प्रथम नवल वाटतें. परंतु वारा स्वतः तापवीतहि नाहीं व निववीतहि नाहीं, तो केवळ वाहून नेतो. कोळशाला प्राणवायु आणून देतो तेव्हां भट्टी पेटते. ओल्या ताटीवरची वाफ उचलून नेतो तेव्हां खोली गार होते. म्हणून किती वारा सोडावा, हाच दोन्ही ठिकाणीं मुख्य प्रश्न होय.

खानदेशांत हे दोन्ही प्रश्न एकाच गांवीं पाहावयास सांपडतात. धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा महामार्गावर, किल्ल्याच्या पायथ्याशीं वसलेलें सोनगीर हें तांब्यापितळेच्या भांड्यांकरितां फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. तेथें तांबटाच्या भट्टीला वारा लागतो, आणि वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास चढला म्हणजे त्याच तांबटाच्या घरांत कूलरलाहि वारा लागतो. दोहोंचा वेग आवरण्याच्या नाना युक्त्या बाजारांत मिळतात. परंतु जी युक्ति एकीकडे सोपी व निर्धोक, तीच दुसरीकडे मोटार जाळते. हा भेद ध्यानांत आला तर बराच खर्च व मनस्ताप वांचेल.

आधीं भट्टीचा विचार करूं. पूर्वीं भट्टीला भाता असे, आणि तो ओढणारा मुलगा हाच त्याचा नियामक. कारागिरानें खूण केली कीं त्याचा हात मंद होई, दुसरी खूण केली कीं जलद होई. भात्याच्या जागीं विजेचा ब्लोअर आला तेव्हां श्रम वांचले, पण खूण ओळखणारा हातहि गेला. ब्लोअर आपल्या एकाच वेगानें धडधडत राहतो.

याचें मोल काय पडतें, तें धातूच्या स्वभावावरून कळेल. तांबें १०८५ अंशांवर वितळतें, पण जस्त ९०७ अंशांवरच उकळूं लागतें. आणि पितळ म्हणजे या दोहोंचें मिश्रण. त्याचा रस गरजेपेक्षां अधिक तापला कीं जस्त वाफ होऊन निसटतें, हवेंत जळतें आणि पांढऱ्या धुराच्या रूपानें वर जातें. वजन घटतें, धातूचा कस बदलतो. शिवाय तो धूर छातींत गेला तर ओतारी कांहीं तासांनीं थंडीतापानें फणफणतो. उलट वारा कमी पडला तर रस साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच थिजतो. ठोकून ताठ झालेला पत्रा पुन्हां मऊ करण्यासाठीं तापवितांनाहि जादा वाऱ्यानें पातळ कांठ जळून जातो. सारांश, वाऱ्याचा अंदाज चुकला तर कोळसा, धातु आणि प्रकृति या तिहींचें नुकसान होतें.

यावर मोटारीचाच वेग कमी करावा असें प्रथम सुचतें. परंतु भट्टीचा ब्लोअर बहुधा डबीच्या आकाराचा असतो: मधल्या भोंकांतून वारा आंत घेतो व फिरत्या पात्यांनीं कडेकडे भिरकावून नळींत लोटतो. त्याच्या तोंडावर एका खिळ्यावर फिरणारी पत्र्याची चकती बसविली, कीं तीच त्याची झडप. चकती सरकवून तोंड अर्धें झांकलें तर वारा कमी होतो. तोंड झांकल्यानें मोटारीवर ताण येईल, अशी भीति पुष्कळांस वाटते. पण घडतें उलटें. हवा भिरकावणें हेंच मोटारीचें काम. आंत हवाच कमी आली तर कामहि कमी होतें, आणि वीज थोडी कमीच ओढली जाते. मोटार पूर्ण वेगानें फिरत असल्यामुळें तिला स्वतःला गार ठेवणारा वाराहि मिळत राहतो. अशा चकतींत जळण्यासारखें कांहीं नाहीं.

झडपेपेक्षां वेग कमी करण्यानें विजेची बचत अधिक होते, हें मात्र खरें. पंख्याचा वेग निम्मा केला तर वाराहि निम्मा होतो, पण तो फिरविण्यास लागणारी शक्ति एक-अष्टमांशावर येते. वेग पांचव्या हिश्शानें उतरविला तरी शक्ति जवळजवळ निम्मी पुरते. जेथें मोठे पंखे अहोरात्र चालतात, तेथें विजेचीं आवर्तनें बदलणारें महाग यंत्र आपली किंमत भरून काढतें. दिवसांतून दोन-तीन तास पेटणाऱ्या भट्टीला पत्र्याची चकती पुरे.

आतां कूलर. त्याचा पंखा पात्यांचा, उघडा; त्याचा स्वभाव ब्लोअरच्या उलट असतो. त्याची वाट अडविली तर त्याच्यावरील भार वाढतो. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानें वाळ्याच्या ताट्या पांढऱ्या पडून बुजल्या म्हणजे वारा कमी होतो आणि मोटार तापते, त्याचें कारण हेंच. म्हणून येथें झडप चालत नाहीं. लगाम मोटारीलाच घातला पाहिजे.

त्याच्या रीति मुख्यतः तीन. पहिली, वाटेंत रोधक तार घालण्याची. तिच्यांत वीज उष्णतेच्या रूपानें फुकट जाते. पुष्कळ मोटारगाड्यांच्या पंख्यांतहि अशीच तार असते. ती जळाली कीं लहान वेग बंद पडतात आणि सर्वांत मोठा तेवढा उरतो, कारण त्याची वाट तारेंतून जात नाहीं. दुसरी रीत विजेच्या प्रत्येक लहरीचा भाग छाटणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची. तो वेग हवा तसा देतो, पण छाटलेल्या लहरीवर मोटार गुणगुणते. आणि दिव्यासाठीं केलेला डिमर कूलरला जोडला तर गुंडाळी तापण्याचें भय असतें.

तिसरी रीत गुंडाळीलाच फांटे काढण्याची, आणि घरगुती कामाला तीच सर्वांत साधी. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यावर चार ध्रुवांच्या मोटारींतील चुंबकक्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतें व आंस त्याच्या थोडा मागें राहतो. फांटा बदलून जास्त वेढे वाटेंत आणले, कीं चुंबकाची ओढ सैल पडते, आंस अधिक मागें राहतो आणि पंखा मंदावतो. तीन तारा व एक फिरतें बटण, एवढाच हा खटाटोप. बचत हिशेबाइतकी होत नाहीं, कारण मागें पडणारा आंस कांहीं वीज उष्णतेंत घालवितो. पण बिघडलें तर गांवचा कारागीर तें दुरुस्त करूं शकतो. अलीकडे बीएलडीसी मोटारी आल्या आहेत. जेथें साध्या छतपंख्याला ७५ वॉट लागतात, तेथें त्या सुमारें ३० वॉटांत भागवितात. विजेची बचत मोठी; मात्र आंतील इलेक्ट्रॉनिक पाटी बिघडली तर पंखा सर्वस्वीं थांबतो, म्हणून ती जवळपास बदलून मिळते कीं नाहीं हें घेण्यापूर्वींच विचारावें.

एक सावधगिरी मात्र पाळावी. मोटारीचा सुरू होण्याचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणें बदलतो. दाब २३० वरून १६० व्होल्टांवर उतरला तर तो जोर निम्म्याहूनहि कमी राहतो. म्हणून कूलर मोठ्या वेगावर सुरू करावा व मग लहान वेगावर आणावा. पंखा न फिरतां नुसता घुमूं लागला तर बटण तत्काळ बंद करावें. नाहींतर थोड्याच वेळांत गुंडाळी जळते.

अधिक वेग म्हणजे अधिक गारवा, ही समजूतहि खरी नव्हे. गारवा देतें तें पाणी. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच अशा सहा खोल्यांतील हवा दहा अंशांनीं निवविण्यास ती पुरते. वारा फार जोरानें ओढला तर तो ताटींतून पुरता ओला न होतांच सुटतो. खिडकी बंद असेल तर ओलसर हवा खोलींतच कोंडते, आणि मग कोणताच वेग उपयोगी पडत नाहीं. पावसाळ्यांतहि तेंच होतें.

तेव्हां भट्टीच्या ब्लोअरला तोंडावर झडप आणि कूलरच्या पंख्याला गुंडाळीचे तीन वेग, एवढी व्यवस्था सोनगीरच्या कारखान्याला व घराला पुरेशी आहे. दुपारीं मोठा, तिन्हीसांजेला मधला, रात्रीं लहान. याहून बारीक पायऱ्या निजलेल्या माणसाला कळतहि नाहींत. मात्र पितळ वितळत असतां झडप कितीहि नीट लावलेली असली, तरी दार व धुराडें उघडें ठेवावें. पांढरा धूर दिसला कीं प्रथम वारा कमी करावा.