लपवलेली खूण छापली जात नाही, पण वाजते!

म्यूझस्कोर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्टाफ नोटेशन लिहिताना, संगणकाने लय नीट धरावी म्हणून जागोजागी टेम्पोचे आकडे टाकावे लागतात. छापील कागदावर मात्र ही गर्दी नको असते. उपाय सोपा आहे. नको असलेली खूण निवडायची आणि कीबोर्डवरचे 'व्ही' दाबायचे. स्क्रीनवर ती करडी होते. प्रिंट आणि पीडीएफमधून गायब.

गायब म्हणजे डिलीट नव्हे. घोळ होतो तो इथेच. लपवलेला टेम्पो लागू राहतो, लपवलेला स्वरही वाजतो. आवाजही नको असेल, तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्या स्वराचे 'प्ले' वेगळे बंद करावे लागते.

विरामांना हात लावताना जास्त जपावे. एकाच ओळीवर दोन व्हॉइस लिहिले की दुसऱ्याचे विराम बरेचदा निव्वळ अडगळ असतात. ते खुशाल लपवा. पण ओळीवर एकच व्हॉइस असताना विराम लपवला, तर चार मात्रांच्या बारमध्ये वादकाला तीनच दिसतात आणि तो इतरांच्या एक मात्रा पुढे निघून जातो.

शिवाय मूळ फाइल पाठवली, तर लपवलेले सगळे समोरच्यालाही उघडून पाहता येते. नुसते वाजवायला द्यायचे असेल, तर पीडीएफच पाठवलेली बरी.