कासवं बघायला कोकणात जायचंय? मग वर्गणी पावसाळ्यातच सुरू करा

ताईंनो, सहल म्हटली की आपल्याकडे वणी, त्र्यंबकेश्वर, शिर्डी, फार तर पंढरपूर. देवदर्शन असलं की घरून लगेच होकार मिळतो. यंदा मात्र काही गटांनी बैठकीत वेगळंच सांगितलं. आम्हाला समुद्र बघायचाय, आणि मोबाईलवर दिसतात ती कासवाची पिल्लंही. जमण्यासारखं आहे. पण तो भाग घाटांचा, खाड्यांचा, मोजक्या एसट्यांचा. आधी हिशोब मांडलेला बरा.

कासवांचं गाव म्हणजे वेळास. रत्नागिरी जिल्हा, मंडणगड तालुका, बाणकोटच्या किल्ल्याजवळ. पूर्वी इथली अंडी माणसं चोरून न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री खायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास गावकऱ्यांना सोबत घेऊन राखण सुरू केली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या वर अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुन्हा बघायला येत नाही. राखण करणारे ती अंडी काढून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात. पिल्लं असली तर समुद्राकडे सोडतात, नसली तर त्या वेळी काहीच बघायला मिळत नाही. म्हणून एक मुक्काम धरू नका, दोन धरा. राहणं-जेवण गावातल्या घरांतच असतं. घरी पाहुणे ठेवून बायका कसं कमावतात, तेही तिथे विचारून घ्या.

आपली अडचण वेळेची आहे. पिल्लं निघतात फेब्रुवारी ते एप्रिल, आणि तेव्हाच आपल्याकडे द्राक्षाची तोडणी, उन्हाळ कांद्याची काढणी. तीन दिवस सहल म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली. हा खर्च कुणी कागदावर मांडत नाही. मग ऐन वेळी नाव मागे घेते ती नेमकी मजुरीवर घर चालवणारी बाई, आणि सहल होते बागायतदारणींची. मला हे पटत नाही. तारीख ठरवताना आधी तिला विचारा.

पैशाचंही तसंच. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, आणि सहलीसाठी अंतर्गत कर्ज तर नकोच. सहलीतून परतफेडीला पैसा येत नाही, व्याज मात्र चालू राहतं. वेगळी वर्गणी काढा, वेगळी वही ठेवा. आठवड्याला ५० रुपये धरले तर ३० आठवड्यांत एकीचे १,५०० होतात, २० जणींचे ३०,०००. जुलैत सुरुवात केली तर फेब्रुवारीपर्यंत जमतात. मध्येच कुणी नाव काढलं तर किती पैसे परत द्यायचे, याचा ठराव पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. नंतर याच्यावरूनच भांडणं होतात.

प्रवासाचं सांगते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्या आजींना प्रवास मोफत. वयाच्या पुराव्याला आधार कार्ड जवळ ठेवा. पूर्ण गाडी करारावर घ्यायची असेल तर सवलतीचं काय, ते आगारात आधी विचारा. खासगी गाडीशी तुलना त्यानंतरच करा. अजून एक, जे कुणी बोलत नाही. वाटेत लघवीला जागा मिळणार नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. कोकणातल्या दमट उन्हात याने चक्कर येते, लघवीची जळजळ होते. गाडी ठरवतानाच चालकाला सांगून ठेवा, दर दोन-अडीच तासांनी बरं स्वच्छतागृह असेल तिथे थांबायचं.

समुद्रात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारायचं, हा नियम. भरतीची वेळ आपल्यालाही काढता येते, कॅलेंडर पुरतं. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, पण मासेमारी करणारे लोक तो वापरत आलेत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाण्यापासून लांबच बरं.

पिल्लांना हात लावायचा नाही, दोरीच्या पुढे जायचं नाही, फोटोला फ्लॅश नको. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून बॅटरीच्या उजेडानेही वाट चुकते.

फेब्रुवारी-मार्च जमणारच नसेल तर दिवाळीनंतर वेंगुर्ल्याचा विचार करा. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या ताई होडीतून कांदळवन दाखवतात. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायका आहेत. खारफुटीची मुळं चिखलातून वर का येतात, खेकडे नि माशांची पिल्लं तिथेच का वाढतात, हे त्या स्वतः समजावून सांगतात. आपल्यासारख्याच गटाने हा धंदा उभा केलाय, म्हणून मला तर ही सहल वेळासइतकीच मोलाची वाटते. अंतर मात्र जास्त आहे, एक दिवस वाढवा. जून ते ऑगस्ट दोन्हीकडे नको. समुद्र खवळलेला असतो.

वेळासचं ठरलं तर जानेवारीत तिथे फोन लावा. कोणतं घरटं कधी लागलं याची तारीख लिहिलेली असते, त्यावरून पिल्लं कधी निघतील याचा अंदाज सांगतात. तो कळल्यावरच गाडीचा विसार द्या.