आकड्यांमागील माणसे

सकाळचे वृत्तपत्र सायंकाळी शिळे होते आणि काही दिवसांनी रद्दीत जाते. तथापि नियतकालिकात छापलेला एखादा लेख पिढ्यान्‌पिढ्या वाचला जातो. असा एक लेख १९४६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता अमेरिकेने जपानमधील हिरोशिमा शहरावर अणुबाँब टाकला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत तेथे सुमारे १ लाख ४० हजार माणसे मृत्यू पावली, असा अंदाज आहे. बाँबची प्रचंड शक्ती आणि शहराचा विध्वंस यांविषयी वृत्तपत्रांनी पुष्कळ लिहिले. परंतु तेथील माणसांवर कोणता प्रसंग गुदरला, हे अमेरिकेतील सामान्य वाचकास फारसे कळले नाही. शिवाय जपान हा शत्रूचा देश. शत्रूकडील मृतांचा आकडा कितीही मोठा असला, तरी तो वाचून सहसा कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

१९४६ च्या मे महिन्यात जॉन हर्सी हे अमेरिकन लेखक जपानला गेले. हिरोशिमातून वाचलेल्या अनेकांना ते भेटले आणि त्यांतून त्यांनी सहा जण निवडले : दोन डॉक्टर, दोन ख्रिस्ती धर्मोपदेशक, कारखान्यात कारकुनी करणारी एक तरुणी आणि तीन मुलांची आई असलेली एका शिंप्याची विधवा. बाँब पडला त्या क्षणी यांतील प्रत्येक जण काय करीत होता, येथून लेखाचा आरंभ होतो.

पती युद्धात मारला गेल्यावर ती विधवा शिवणकाम करून मुलांना पोशीत होती. आग जवळ येऊ लागताच तिने आपले शिवणयंत्र घरासमोरील पाण्याच्या हौदात बुडवून ठेवले. पुढे ते हाती आले, तेव्हा पार गंजून गेले होते. एका डॉक्टरांचा चष्मा नाहीसा झाला. जखमी परिचारिकेचा चष्मा लावून ते रुग्णांच्या जखमा बांधीत राहिले. हर्सी यांनी कोठेही आक्रोश केला नाही. जे घडले, ते साध्या शब्दांत क्रमाने सांगितले.

हा सुमारे तीस हजार शब्दांचा लेख चार भागांत छापावा, असा 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचा प्रथम विचार होता. परंतु तुकडे केल्यास त्याचा परिणाम उणावेल, हे जाणून संपादकांनी ३१ ऑगस्ट १९४६ चा अंक या एकाच लेखास दिला. अंक हातोहात संपला. लेख रेडिओवरून वाचला गेला आणि त्याच वर्षी पुस्तकरूपानेही निघाला. कालचे शत्रू वाचकांना आता आपल्यासारखीच माणसे दिसू लागली. १९८५ साली हर्सी यांनी त्या सहा जणांचे पुढे काय झाले याचा शोध घेऊन आणखी एक प्रकरण लिहिले.

एखाद्या आपत्तीतील मोठा आकडा आपल्या वाचनात आला, तर त्यामागील माणसांची हकीकत कोणी लिहिली आहे का, याचा अवश्य शोध घ्यावा. बातमी वाचावयास क्षण पुरतो. अशी हकीकत वाचावयास कित्येक तास लागतील. परंतु ते वाया जाणार नाहीत.