प्रामाणिक गिऱ्हाइकाची झडती

हैदराबादेत बरकतपुरा चमनाच्या बाजूने नित्य जाणाऱ्या-येणाऱ्यांस भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयाची इमारत परिचयाची असते. आणि ज्यांनी उभी नोकरी वेतनातील कपात सोसून म्हातारपणाची तजवीज केली, त्यांनाच आपण अद्याप हयात आहोत हे दरसाल सरकारदरबारी सिद्ध करावे लागते, ही गोष्टही येथल्या घरोघरी ठाऊक असते. २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ योजना आल्यापासून हे काम बोटाच्या ठशावर होऊ लागले, परंतु रिवाज पालटला नाही : पैसा आपला, हक्कही आपला, आणि पुरावा देण्याचा भारही आपल्याच माथी. त्याच घरांतील तरुण मंडळी, संगणकावरील खेळ रीतसर मोल देऊन घेणारी, असाच हयातीचा दाखला देत असतात. फरक इतकाच की आजोबांना तो वर्षातून एकदा द्यावा लागतो आणि नातवाला पुष्कळदा खेळ उघडताना दर खेपेस.

आमच्या शेजारच्या एका मुलाने पहिल्या पगारातून एक खेळ विकत घेतला. मदरबोर्ड जळाल्यामुळे तो त्याला बदलावा लागला, आणि खेळाने त्याला ओळखण्याचे साफ नाकारले. त्याच्या मित्राकडे तोच खेळ फुकटात उतरवून घेतलेला होता व विनातक्रार चालू होता. “काका,” तो मला म्हणाला, “पैसे मी भरले ना, म्हणून झडती माझीच.” या वाक्यात नक्कलप्रतिबंधाच्या चाळीस वर्षांच्या इतिहासाचे सार आलेले आहे असे मला वाटते, फक्त त्यामागील शास्त्रीय कारण तेवढे उलगडून सांगावयास हवे.

सांकेतिक लेखनाचे जे शास्त्र आहे त्यात मूळची कल्पना तीन व्यक्तींची असते : निरोप धाडणारा, निरोप घेणारा आणि मध्ये कान देऊन बसलेला हेर. किल्ली पहिल्या दोघांपाशी असते, तिसऱ्यापाशी नसते, म्हणून गुपित राहते. विकत दिलेल्या खेळाच्या बाबतीत मात्र विलक्षण प्रकार घडतो. ज्याला खेळ खेळू द्यावयाचा तो गिऱ्हाईक आणि ज्याच्यापासून तो राखावयाचा तो संशयित, या दोन व्यक्ती विक्रेत्याच्या लेखी एकच असतात. खेळ चालावयाचा तर कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याच्याच यंत्रात, त्याच्याच स्मृतिकोशात, निदान क्षणभर तरी एकत्र यावी लागतात. आणि ज्याच्या हाती यंत्र आहे त्याला तो क्षण धरून ठेवण्यास सवड मिळाली, की बाकीचे काम चिकाटीचे उरते. किल्ली नुसती लपवून भागेल काय, याचे उत्तरही मिळालेले आहे. २००१ साली बोआझ बराक व त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी, ज्यांत भारतीय वंशाचे अमित सहाय हेही होते, गणिताने असे दाखवून दिले की कोणताही प्रोग्राम घ्यावा आणि त्याला असे रूप द्यावे की तो चालेल तर खरा, पण त्याच्या बाह्य वर्तनापलीकडे अंतरंगातील काहीही कोणास उमगणार नाही, अशी सर्वच प्रोग्रामांना लागू पडणारी युक्ती अस्तित्वातच असू शकत नाही. कुलूप बनविणाऱ्यांनी या सिद्धान्ताची फारशी फिकीर केलेली दिसत नाही.

प्रारंभीची कुलपे साधी, किंबहुना गोड होती. नव्वदच्या दशकात ज्यांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळला असेल त्यांना मूळ खेळात पहिल्या मजल्यानंतर एक दालन होते हे बहुधा आठवणार नाही, कारण ते त्यांनी पाहिलेलेच नसेल. त्या दालनात अक्षरे लिहिलेल्या कुप्या मांडलेल्या असत. कोणती प्यावयाची हे खेळाबरोबर मिळणाऱ्या छापील पुस्तिकेतील अमुक पृष्ठावरील अमुक शब्द पाहिल्याखेरीज कळत नसे. आपल्याकडे हातोहात फिरलेल्या फ्लॉपींतून हे दालनच कोणीतरी निष्प्रभ केलेले होते. म्हणजे पुस्तिकेची पाने उलटण्याचा व्याप मोल देणाऱ्याला, आणि मोल न देणाऱ्याला सरळ राजवाड्याची वाट! पुढे जे घडले ते सारे या दालनातच बीजरूपाने होते.

तबकड्या आल्या आणि शास्त्र अधिक सूक्ष्म झाले. सीडीवरील माहिती नागमोडी नव्हे तर एकाच लांबलचक सर्पिल रेषेत खाचांच्या रूपाने असते, आणि तिचे जे खंड पाडलेले असतात त्या प्रत्येकातील २,३५२ बाइटांपैकी २,०४८ बाइट खऱ्या माहितीचे व उरलेले बहुतांशी चुका हुडकण्या-सुधारण्यासाठी राखलेले असतात. १९९८ च्या सुमारास पुढे आलेल्या ‘सेफडिस्क’ने याच व्यवस्थेचा उपयोग उलट्या अंगाने केला. कारखान्यात तबकडी ठसवतानाच तिच्यावर काही खंड मुद्दाम बिघडवून ठेवावयाचे. खेळ सुरू होताना ते वाचण्याचा प्रयत्न करावयाचा. वाचता आले नाहीत तर तबकडी अस्सल, आणि सुरळीत वाचता आले तर नक्कल. घरगुती यंत्रावर प्रत काढताना हा बिघाड तसाच्या तसा उतरत नसे, म्हणून येथे दोष हाच खरेपणाचा पुरावा ठरला. या बुद्धिचातुर्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु त्यामुळे मूळ तबकडी दर वेळी यंत्रात घालणे अपरिहार्य झाले. हैदराबादच्या धुळीत ती लवकरच ओरखडली, आणि खरे ओरखडे व बनावट बिघाड यांतील भेद करताना यंत्र गोंधळू लागले. कोठीच्या पदपथावर मिळणाऱ्या चोरट्या तबकडीत ही तपासणीच नसे. तपासणी कितीही गुंतागुंतीची असो, तिचा निकाल अखेर हो किंवा नाही इतकाच. आणि त्या निकालावरून वाट बदलणारी जी यंत्राज्ञा असते तिच्यातील ७४ हा एक बाइट बदलून तेथे ईबी घातला, की निकाल काहीही लागो, यंत्र ‘अस्सल’च्या वाटेनेच जाते. एका बाइटाची लाच!

या तपासणीसाठी खेळाबरोबर एक पहारेकरीही यंत्रात शिरत असे आणि तो सामान्य प्रोग्रामांच्या पंक्तीला न बसता संगणकाच्या गाभ्यात, जेथे कार्यप्रणाली स्वतः वावरते तेथे, ठाण मांडीत असे. इतक्या आत बसलेल्याच्या अंगी उणेपणा असला तर तो घरमालकाच्याच मुळावर येणार, आणि तसेच झाले. ‘सेकड्रिव्ह’ नावाच्या या पहारेकऱ्यातील एक भगदाड २००७ मध्ये उघडकीस आले व मायक्रोसॉफ्टला त्यावर ठिगळ लावावे लागले. २०१५ मध्ये विंडोज १० मधून त्याची हकालपट्टीच झाली, आणि त्याच सप्टेंबरात जुन्या विंडोजमध्येही तो निष्क्रिय करण्यात आला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच होते, परंतु परिणाम असा की ज्यांनी ‘द सिम्स’ किंवा ‘बॅटलफिल्ड १९४२’ यांच्या अस्सल तबकड्या पैसे मोजून जपून ठेवल्या होत्या, त्यांच्या हाती झळकत्या बशा तेवढ्या उरल्या. चोरट्या प्रतींना पहारेकऱ्याची गरजच नसल्याने त्यांचे काही बिघडले नाही.

२००८ साली तर प्रकरण हातघाईवर आले. त्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या ‘स्पोर’ या खेळावर ‘सेक्युरॉम’ या कुलपाचे बंधन होते : एकूण तीन यंत्रांवर तो कार्यान्वित करता येईल, पुढे कंपनीकडे अर्ज. आपल्याकडे सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरातून सुटे भाग आणून जोडलेले संगणक वापरणाऱ्यांस, ज्यांची विंडोज वर्षातून दोनदा नव्याने घालावी लागे, तीन ही संख्या किती तुटपुंजी होती हे सांगावयास नको. ॲमेझॉनवर दोन हजारांहून अधिक लोकांनी त्याला एका ताऱ्याची पायरी दाखविली, न्यायालयात फिर्यादही गुदरली, आणि कंपनीने तीनाचे पाच केले. इतके करून तो त्या वर्षी सर्वाधिक चोरला गेलेला खेळ ठरला! त्याच वर्षीची दुसरी हकीकत मला अधिक बोधप्रद वाटते. ‘रेनबो सिक्स : वेगास २’ हा खेळ ज्यांनी तबकडीविना, थेट डाउनलोड करून घेतला होता, त्यांच्याकडेही एका दुरुस्तीनंतर तो तबकडी मागू लागला, तेव्हा यूबिसॉफ्टच्या मदतविभागाने जी फाइल त्यांना धाडली, ती एका चाचेटोळीने फोडलेलीच फाइल असल्याचे आढळून आले. कुलूपवाल्यानेच दरोडेखोराकडून किल्ली उसनी आणावी, याहून स्पष्ट कबुलीजबाब कोणता?

त्यानंतर कुलूप गिऱ्हाइकाच्या घरातून उठून दूरच्या सर्व्हरवर जाऊन बसले. २०१० मध्ये याच यूबिसॉफ्टने काही खेळांसाठी अखंड इंटरनेट सक्तीचे केले, म्हणजे एकट्याने खेळावयाच्या खेळातही जोडणी तुटली की खेळ थांबे. आपल्या दूरसंचार धोरणात तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिटांच्या जोडणीस ‘ब्रॉडबँड’ ही पदवी होती व उन्हाळ्यात भारनियमन ठरलेले असे, हे ध्यानी घेता बरकतपुऱ्यातील खेळाडूची अवस्था कल्पनेनेच जाणावी. त्या मार्चमध्ये सर्व्हरांवरच हल्ला झाला आणि पॅरिस-लंडनच्या गिऱ्हाइकांनाही तीच गत भोगावी लागली. २०१३ च्या मार्चमध्ये ‘सिमसिटी’ने याची पुनरावृत्ती केली, आरंभीचे कित्येक दिवस आत प्रवेश मिळेना, आणि इंटरनेटविना खेळण्याची सोय मिळण्यास पुढले वर्ष उजाडले.

सांप्रत ज्याचा दबदबा आहे ते ‘डेनुव्हो’ ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे जन्मले व २०१४ पासून वापरात आले. एका बाइटाच्या लाचेने काम होते हे जाणून त्याने तपासणी एका जागी न ठेवता खेळाच्या अंगोपांगी विखुरली. शिवाय खेळाच्या काही यंत्राज्ञा अशा कृत्रिम, मनघडंत प्रोसेसरच्या भाषेत बदलून टाकल्या की ती भाषा दर खेळात निराळी असावी, आणि चालण्यास लागणारा परवाना त्या त्या यंत्राच्या घडणीवरून सर्व्हरने घडवून द्यावा. हे कुलूप खरोखर अवघड आहे, परंतु एका आज्ञेच्या जागी अनेक आज्ञांचा दुभाषा बसविला म्हणजे यंत्राला श्रम अधिक पडणारच. ते किती, हे खेळ बांधणाऱ्याच्या तारतम्यावर अवलंबून असते. ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’मध्ये कॅपकॉमने डेनुव्होखाली आपलेही एक कुलूप घातले होते. खेळ ऐन रंगात अडखळे. चोरट्यांनी दोन्ही कुलपे काढलेली प्रत मात्र सुरळीत चाले. जुलै २०२१ मध्ये कंपनीला दुरुस्ती द्यावी लागली, आणि तिच्या टिपणात नक्कलविरोधी यंत्रणेचा उल्लेख स्वच्छ शब्दांत होता.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की लेखक चोरांचा वकील दिसतो. तसे नाही. शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबून जे निर्माण करतात त्याचे मोल त्यांना मिळालेच पाहिजे, आणि कुलूप सर्वस्वी निरुपयोगी आहे असेही नाही. २०२४ मध्ये ‘एंटरटेनमेंट कॉम्प्युटिंग’ या नियतकालिकात डेनुव्हो लावलेल्या ८६ खेळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते की कुलूप पहिल्या आठवड्यातच फुटले तर उत्पन्नात सुमारे पाचव्या हिश्श्याची घट येते, आणि बारा आठवडे टिकले तर त्यानंतर फुटले काय आणि न फुटले काय, नुकसान जवळजवळ शून्य. माझ्या मते या एका आकड्यात सगळ्या तंट्याचा निवाडा आहे. कुलपाचे कार्य तीन महिन्यांचे आहे. तीन महिन्यांनंतर त्याने राखण्याजोगे काही उरत नाही, त्रास मात्र उरतो. आणि तो सर्वस्वी अशा माणसाच्या वाट्याला येतो, ज्याने त्याच कुलपाची किंमत खेळाच्या किमतीतून भरलेली असते. म्हणून कुलपाला मुदत असावी व ती विकतानाच छापलेली असावी. हे अशक्य नाही : ‘डूम’च्या कर्त्यांनी २०१६ मध्ये खेळ बाजारात आणल्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरात डेनुव्हो उतरविले, आणि २००८ पासून चालू असलेले पोलंडचे ‘गॉग’ हे दुकान तर कुलपाविनाच खेळ विकते.

आपला कायदाही या बाबतीत वाटतो तितका निष्ठुर नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम प्रोग्रामच्या कायदेशीर धारकास नाश वा हानी यांपासून बचावापुरती राखीव प्रत काढण्याची मुभा देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५-अ कलम कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते खरे, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. म्हणजे कायद्याने दिलेली राखीव प्रत ‘सेफडिस्क’ने काढू दिली नाही. जे संसदेने मान्य केले ते तबकडीवरील बनावट बिघाडाने रद्द केले, आणि याची दाद कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

सर्व्हरवर बसलेल्या कुलपाचा शेवट तर आणखी कठोर असतो. ‘द क्रू’ या २०१४ च्या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले, आणि एकट्याने खेळणाऱ्यांचाही खेळ त्या दिवशी मिटला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली व युरोपीय संघाकडे दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्यांचा अर्ज गेला. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून एवढेच केले, की मालकी न देता केवळ परवाना देणाऱ्या दुकानाने तसे आधी स्पष्ट सांगावे.

आपल्याकडे तसा नियम होईतो वाचकांनी स्वतःच एक पथ्य पाळावे. स्टीम या ऑनलाइन दुकानात खेळाच्या पानावर किमतीशेजारी एक लहानशी चौकट असते; तीत त्रयस्थ कंपनीचे डीआरएम, म्हणजे असलेच कुलूप, आहे काय, आणि एका दिवसात किती संगणकांवर चालेल, हे लिहिलेले असते. डेनुव्होच्या खेळांत हा आकडा पाच असा आढळतो. ती चौकट वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत, आणि तोच खेळ कुलपाविना मिळत असेल तर तो तेथून घेऊन त्याची फाइल आपल्या डिस्कवर उतरवून ठेवावी.