माळवदाकडून स्लॅबकडे : किल्लारी

लातूरहून औसा ओलांडून उमरग्याच्या रस्त्याला लागलं, की लामजना पाटीच्या पुढे काळं शिवार पसरत जातं. सोयाबीन, तूर, मधूनच उसाचा फड. आणि मग रस्त्याच्या कडेला अशी गावं भेटू लागतात, ज्यांना गढी नाही, वेस नाही, बोळ नाहीत. रस्ते काटकोनात एकमेकांना छेदणारे, घरं एका मापाची, ओळीत उभी. दोन घरांमध्ये एवढी जागा, की बैलगाडी आरामात वळावी. वेशीच्या जागी सिमेंटची कमान आणि तिच्यावर गाव बांधून देणाऱ्या संस्थेचं नाव. मराठवाड्यातलं गाव पाहायची सवय असलेल्या माणसाला आपण एखाद्या साखर कारखान्याच्या वसाहतीत शिरलो असं वाटावं. लातूरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरची किल्लारी ही या सगळ्या गावांची थोरली बहीण. भूकंप तिच्या नावानं ओळखला जातो, म्हणून महाराष्ट्राला तिचं नाव ठाऊक आहे. भूकंपानंतर इथं काय आणि कसं बांधलं गेलं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक रात्री उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. ६.२ तीव्रतेचा हा धक्का जगातल्या मोठ्या भूकंपांच्या यादीत वरच्या क्रमांकावर नाही. पण केंद्र जमिनीखाली जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर होतं आणि वर माणसं घरात होती. सरकारी मोजणी आठ हजारांच्या जवळ थांबते, इतर नोंदी पावणेदहा हजारांपर्यंत जातात. सुमारे सोळा हजार जखमी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं जवळजवळ पूर्ण भुईसपाट झाली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, एकोंडी, होळी, राजेगाव, पेठ सांगवी ही नावं त्या आठवड्यात आकाशवाणीवरून घराघरांत पोचली.

अचानक झालं, असं म्हणण्याचा प्रघात आहे. ते अर्धसत्य आहे. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात छोटे धक्के आणि गडगडाट सुरू होते. ऑक्टोबरात त्यातला एक चांगलाच जाणवण्याइतका होता. लोक घाबरून बाहेर झोपायला लागले, तक्रारी झाल्या, मग धक्के विरळ झाले आणि लोक पुन्हा घरात गेले. दख्खनचं पठार स्थिर आहे, अशी त्या काळची शास्त्रीय समजूत होती. देशाच्या भूकंपविषयक नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनं किल्लारीत ६१७ मीटर खोल वेध घेतला. बेसॉल्टचे थर साडेतीनशे मीटरच्या आतच संपले आणि खाली प्राचीन खडक लागला. २००२ मध्ये भारतीय मानक सुधारलं, पहिला पट्टाच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला.

माणसं मेली ती मात्र घरांमुळे, आणि हे समजून घ्यायला जुनं माळवद डोळ्यांपुढे आणायला हवं. मराठवाड्यात घर खणांत मोजतात. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लगी किंवा फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाडजूड थर. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून, पावसात गळू नये म्हणून दर साल दोन साल वर आणखी माती पडायची. बापानं टाकलेल्या थरावर मुलानं टाकलेला थर, असं करत काही माळवदं दीड-दोन फुटांची झाली होती. भिंती दोन-तीन फूट रुंद, बाहेरून पाहिलं तर भक्कम. प्रत्यक्षात भिंत म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या बाजूनं रचलेल्या दगडांच्या दोन कवचांमधली भरणी: गोटे, खडी, माती. दोन्ही कवचांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. धक्का बसला तशी कवचं फाकली, भरणी ओघळली आणि वरचा टनावारी मातीचा भार खाली आला. काही ठिकाणी भिंती गेल्या आणि सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिला. सुतारकाम चांगलं होतं, गवंडीकाम फसलं. इतका सरळ हिशेब असूनही ‘दगड-मातीचं घर म्हणजे मरण’ एवढाच धडा लोकांनी घेतला, आणि त्या घबराटीत सिमेंटला देवत्व आलं.

त्यानंतरचे निर्णय भराभर झाले. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी परिसरात होते, लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी होते. गावं जुन्या जागी बांधायची नाहीत, असं गावकऱ्यांचंही म्हणणं होतं. ज्या ढिगाऱ्याखालून घरातली चार माणसं काढली, त्याच जागी चूल कशी मांडायची? नंतरच्या काळात ‘स्थलांतराचा निर्णय चुकला’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न लक्षात ठेवायला हवा. जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. गावांच्या तीन वर्गवाऱ्या केल्या: उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी, आणखी बावीस गावं तिथल्या तिथे नव्यानं, आणि उरलेल्या हजारो गावांत दुरुस्ती व मजबुतीकरण. नव्या गावांतली बरीचशी देशातल्या आणि परदेशातल्या संस्थांनी, वृत्तपत्रांनी, उद्योगसमूहांनी दत्तक घेतली. लोक तोवर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. त्या शेडमधला उन्हाळा हा या भागातल्या एका पिढीचा स्वतंत्र विषय आहे.

घर कोणाला केवढं, याचं सूत्र सात-बाऱ्यावरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला चारशे, त्याहून जास्त जमीन असलेल्याला साडेसातशे. शेतकऱ्याला घरात बी-बियाणं, अवजारं, धान्य ठेवायला जागा लागते, हे खरंच. पण मजुराच्या घरात माणसं कमी असतात असं थोडंच आहे? जुन्या गावात गल्ल्या जातीच्या होत्या, त्यात गौरव करण्यासारखं काही नव्हतं. नव्या आखणीत एकाच मापाची घरं एकत्र बांधली गेली आणि ज्याची जमीन जास्त त्याच्या घराची रांग वेगळी झाली. जातीची रेघ फारशी पुसली गेली नाही, तिच्या शेजारी एकरांची रेघ मात्र ठळक झाली.

नगररचनाकारांना मोकळी जागा प्रिय असते. पडझड झाली तर रस्ता बंद होऊ नये, हा विचार रास्त होता. पण गावठाण कितीतरी पटींनी मोठं झालं. चांगली काळी जमीन त्यात गेली, पाण्याची पाइपलाइन लांबली, रस्ते आणि दिवाबत्ती पंचायतीच्या बोकांडी बसली. एका वाड्यात राहणारे तीन भाऊ तीन टोकांना गेले. जुन्या गावात बाई भाकरी थापता थापता शेजारणीशी बोलायची. आता मधे रुंद रस्ता आणि रणरणतं ऊन. घराला ढाळज नाही, ओसरी नाही, गोठा नाही. माळवदी घरात भिंतीतच बळद असायचं, त्यात ज्वारी राहायची. स्लॅबच्या घरात पोती कुठं रचायची? संडास बांधून दिले होते, पाणी नव्हतं. पुष्कळ घरांत त्यांत शेणी आणि सरपण गेलं. यात गावकऱ्यांचा अडाणीपणा शोधणारे अधिकारी तेव्हाही होते.

संस्थांनी प्रयोगही केले. गुबाळला फेरोसिमेंटची घुमटाकार घरं उभी राहिली. रचनेच्या दृष्टीनं घुमट भूकंपाला छान तोंड देतो, पण गोल भिंतीला कपाट कुठं टेकवायचं, पुढं मुलाचं लग्न झालं की खोली कुठून जोडायची? ही घरं पाहायला बाहेरचे लोक अजून जातात आणि फोटो काढतात. याउलट बाणेगाव. केरळच्या ‘मलयाळ मनोरमा’ वृत्तपत्रानं बांधून दिलेल्या या गावाची रचना लॉरी बेकर यांची. स्थानिक गरज आणि कमी खर्च यांचा आयुष्यभर विचार केलेल्या या वास्तुविशारदाच्या आखणीत घरांच्या गटाला अंगण मिळालं. दोन्ही गावं एका दिवसात पाहून होतात. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यांचा क्रम चुकवू नये: आधी गुबाळ, मग बाणेगाव.

तीस वर्षांत लोकांनी काय केलं, ते किल्लारीत आणि आसपासच्या गावांत पायी हिंडलं तरच दिसतं. घरापुढे पत्र्याची पडवी आली. मागे गोठा आला. दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत तिसरी खोली, तिच्यावर चौथी. रुंद रस्त्यांच्या कडेला कडब्याच्या गंज्या, ट्रॅक्टर, पानटपरी. कडुनिंब मोठे झाले आणि त्यांच्याखाली पार बांधले गेले. आराखड्यात एकही पार नव्हता. कागदावरच्या त्या सारख्या चौकटी आता एकमेकींसारख्या राहिलेल्या नाहीत आणि मला तरी ही गावं आज पहिल्यापेक्षा जास्त गाव वाटतात. यात एक धास्ती मात्र आहे. सरकारनं दिलेली मूळ खोली अभियंत्यांनी हिशेब करून बांधली होती. तिला चिकटवलेली वाढीव खोली कोणी हिशेबानं बांधलेली नाही. वाढीव बांधकामाचे कागद तर दूरच, मूळ घराचे कबाले मिळवण्यासाठीही अनेक कुटुंबांना तहसीलचे उंबरे वर्षानुवर्षं झिजवावे लागले.

बातम्यांत कधी फारसा न आलेला भाग म्हणजे दुरुस्तीचा कार्यक्रम. नवी गावं फोटोत सुरेख दिसत होती, तिथं उद्घाटनं होत होती. पण नव्या गावांत बांधलेली घरं होती अठ्ठावीस हजारांच्या आसपास, आणि दुरुस्ती-मजबुतीकरणाखाली आलेली जवळजवळ दोन लाख. तेरा जिल्ह्यांतली अडीच हजार गावं. इथं ठेकेदार नव्हता. घरमालकाला हप्त्याहप्त्यानं मदत मिळायची, काम त्यानंच गवंडी लावून करून घ्यायचं, अभियंत्यानं पाहायचं आणि पुढचा हप्ता सोडायचा. भिंतीला भोक पाडून आरपार दगड किंवा काँक्रीटचा सांधा बसवणं, दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा ओतणं, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू देणं, माळवदावरची फाजील माती उतरवणं, अशी ही कामं. सुरुवातीला कोणी पुढे येईना. दगडी भिंतीवर विश्वासच उरला नव्हता. बहुतेकांनी मदतीचे पैसे वापरून जुन्या घराला लागून एक नवी, विटा-सिमेंटची खोली बांधली. तज्ज्ञ थोडे हिरमुसले, पण रात्री झोपायला एक तरी निर्धास्त खोली असावी हा विचार चुकीचा कसा म्हणायचा?

या कार्यक्रमानं एक नवा माणूस जन्माला घातला, किंवा खरं तर नवी बाई. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या. बाराशेच्या वर गावांत या बायका घराघरांत जाऊन हप्ता कशाचा, पट्टा कुठं टाकायचा, वाळू धुतलेली आहे का, गवंडी सिमेंट किती चोरतो, हे बघायला शिकल्या. पदर सावरत ग्रामसभेत मागे बसणाऱ्या बाईनं कनिष्ठ अभियंत्याला प्रश्न विचारायला लागणं हे इथं नवीन होतं. २००१ मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका आणि गवंडी कच्छमध्ये गेले आणि तिथल्या बायकांना सांगून आले, की तुमचं घर तुम्ही उभं करा. गुजरातनं पुढे बहुतांश घरं मालकाच्या हातूनच बांधून घेतली. किल्लारीचा हा वारसा आहे, पण तो दाखवायला कमान नाही.

भूकंपानं मोडलेलं दुसरं घर म्हणजे मुलांचं. अनाथ आणि आधार गेलेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभं केलं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं पुण्याला नेऊन शिकवली. त्यातली कित्येक आज अधिकारी, शिक्षक, व्यावसायिक आहेत. शासकीय नोकरीच्या जाहिरातीत खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त यांच्या जोडीला ‘भूकंपग्रस्त’ हा रकाना असतो, तो इथून आला. सास्तूरचं स्पर्श ग्रामीण रुग्णालयही त्याच काळाचं अपत्य. पंचक्रोशीतल्या बाळंतपणांसाठी आज त्याचाच आधार आहे.

पाहायला जायचं तर ३० सप्टेंबर टाळा. त्या दिवशी जुन्या किल्लारीतल्या स्मृतिस्तंभापाशी पोलिसांची मानवंदना असते, मंत्री येतात, गर्दी असते आणि गावाला त्या दिवशी आपलं दुःख सांभाळायचं असतं. हिवाळ्यातला साधा दिवस निवडा. जुन्या गावठाणात बाभळींच्या आड जोती आणि कोसळलेल्या दगडांचे ढीग अजून दिसतात. तिथून नव्या गावात या आणि एखाद्या घरी, घरमालकाच्या परवानगीनं, मूळ खोली आणि नंतरची खोली यांतला सांधा बघा. या परिसराला आजही अधूनमधून सौम्य धक्के बसतात. वाढीव खोल्यांची एकदा तपासणी व्हावी, गवंड्यांची प्रशिक्षणं पुन्हा सुरू व्हावीत आणि राहिलेले कबाले लोकांच्या हातात पडावेत, एवढं तरी शासनानं पुढचा धक्का बसण्याआधी करायला हवं. त्याला जागतिक बँकेचं कर्ज लागणार नाही.