न गाणारी पट्टी

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातील वीज सेकंदास ५० आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात रोहित्राचा लोखंडी गाभा दोनदा ताणला जातो. म्हणून रोहित्राची गुणगुण १०० हर्ट्‌झची. हा सूर मिडी कळफलकावर कोठे सापडेल? १९८३ साली आलेल्या या पद्धतीत प्रत्येक सुराला क्रमांक असतो. ६९ म्हणजे ४४० हर्ट्‌झ. १२ क्रमांक खाली उतरलात की कंप्रता निम्मी. ४३ वा सूर ९८ हर्ट्‌झचा. आपली गुणगुण त्याच्या किंचित वर.

ती पट्टी दाबा. काहीच वाजणार नाही! मिडी कळफलक स्वतः गात नाही. पट्टीचा क्रमांक आणि दाबण्याचा वेग तेवढा संगणकाला कळवतो. वेग कसा कळतो? पट्टीखाली दोन विद्युत्‌स्पर्शक असतात. ते एकामागून एक जुळण्यास जितका कमी वेळ, तितका आवाज मोठा. पेटीवर हे काम भाता करतो, बोट नव्हे. पेटी शिकलेल्यांना म्हणूनच सुरुवातीला अवघड जाते.

खरेदीत ‘फुल साइझ’ या शब्दाने फसू नका. कोणी तो ८८ पट्ट्यांसाठी वापरतो, कोणी पियानोइतक्या रुंद पट्ट्यांसाठी. पैसे बेताचे असतील तर संख्या सोडा, रुंदी सोडू नका. अरुंद पट्ट्यांची सवय पुढे बोटांना नडते. पेटीची साडेतीन सप्तके ४९ पट्ट्यांत सहज मावतात. पियानोच शिकायचा असेल तर मात्र ८८, आणि त्याही वजनदार. खरा खर्च त्या वजनाचा. दुकानात मोजपट्टी घेऊन जा: सात पांढऱ्या पट्ट्या मिळून सुमारे १६.५ सेंमी. भरायला हव्यात.